सुस्पष्ट वाक्याची निवड : अन्वय आणि सन्निधी

व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढीलपैकी सर्वांत सुस्पष्ट वाक्य कोणते?’ असा प्रश्न येतो, तेव्हा अनेकांचा गोंधळ उडतो. चारही वाक्ये वाचताना बरोबरच वाटतात. ऱ्हस्व-दीर्घाची चूक कोठेच नसते, विभक्तिप्रत्ययही ठीक असतात. मग ‘कानाला बरे वाटते ते’ किंवा ‘सर्वांत लहान असते ते’ वाक्य निवडले जाते. येथे शुद्धतेची परीक्षा नसून अर्थाच्या एकपणाची परीक्षा आहे, हे प्रथम ध्यानात घ्या. वाक्य शुद्ध असूनही संदिग्ध असू शकते.

एक उदाहरण घेऊ. बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात उंद्री हे गाव आहे. तेथील शाळेत एक तरुणी शिकवते. ती पाटलांची मुलगी आहे आणि तिचा सत्कार झाला, एवढा आशय सांगावयाचा आहे. पर्याय असे :

(अ) उंद्रीच्या शाळेत शिकवणाऱ्या पाटलांच्या मुलीचा सत्कार झाला.
(आ) पाटलांच्या उंद्रीच्या शाळेत शिकवणाऱ्या मुलीचा सत्कार झाला.
(इ) पाटलांची मुलगी उंद्रीच्या शाळेत शिकवते. तिचा सत्कार झाला.
(ई) पाटलांची मुलगी उंद्रीच्या शाळेत शिकते, म्हणून तिचा सत्कार झाला.

पर्याय (अ) मध्ये शिकवते कोण? पाटील की मुलगी? ‘शिकवणाऱ्या’ हे रूप दोघांनाही लागू पडते. याचे कारण मराठीच्या घडणीतच आहे. विशेष्याला प्रत्यय लागला की त्याच्या आकारान्त किंवा ‘-णारा’ प्रत्ययान्त विशेषणाचे सामान्यरूप होते आणि त्या रूपात लिंग-वचनाचा भेद पुसला जातो. ‘शिकवणारा’, ‘शिकवणारी’, ‘शिकवणारे’ ही तीन वेगळी रूपे ‘शिकवणाऱ्या’ या एकाच रूपात मिसळतात. हेच विशेष्य प्रथमेत ठेवून पाहा : ‘उंद्रीच्या शाळेत शिकवणारी पाटलांची मुलगी सत्कारास पात्र ठरली.’ येथे ‘शिकवणारी’ पाटलांना जोडताच येत नाही. संदिग्धता नाहीशी झाली. ज्या वाक्यात सामान्यरूपातील विशेषणापुढे दोन नामे लागोपाठ येतात, तेथे थांबून विचार करण्याची सवय लावून घ्या.

पर्याय (आ) मध्ये ‘पाटलांच्या’ हा शब्द मुलीपासून दूर गेला आणि शाळेला चिकटला. शाळाच पाटलांची असावी, असा भास होतो. याला दूरान्वय म्हणतात. पर्याय (ई) सर्वांत फसवा आहे, कारण तो स्पष्ट आहे. परंतु ‘शिकवते’चे ‘शिकते’ झाले आणि ‘म्हणून’ या अव्ययाने मुळात नसलेले कारण आत आले. स्पष्ट पण चुकीचा अर्थ सांगणारे वाक्य हे उत्तर नव्हे. उरला (इ). तो दोन वाक्यांत विभागलेला आहे, थोडा रुक्षही आहे, पण त्याचा दुसरा अर्थ होत नाही. परीक्षेत अशा रुक्ष वाक्याला विद्यार्थी उगाचच घाबरतात.

भारतीय शास्त्रपरंपरेने वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशा तीन अटी सांगितल्या आहेत. सुस्पष्टतेच्या प्रश्नात बहुतेक वेळा कसोटी सन्निधीची असते : परस्परसंबद्ध पदे जवळ आहेत काय?

आता धातुसाधिते. ‘शेतातून परतताना मी काकांना पाहिले.’ परतत कोण होते? ‘-ताना’ हे रूप कर्त्याकडेही झुकते आणि कर्माकडेही. ‘शेतातून परतणाऱ्या काकांना मी पाहिले’ असे केले की प्रश्न मिटतो. ‘-ऊन’ प्रत्यय मात्र सामान्यतः मुख्य क्रियेच्या कर्त्याशीच बांधलेला असतो. सामान्यतः एवढेच म्हणावयाचे, कारण ‘पाऊस पडून रान हिरवे झाले’ हेही मराठीच आहे.

याच ‘-ऊन’पाशी उंद्री, चिखली, मेहकर परिसरातील विद्यार्थ्यांसाठी एक खास अडचण आहे. ‘शेतकरी पेरणी करून राहिले’ हे वाक्य वऱ्हाडीत अगदी स्वच्छ आहे : शेतकरी या क्षणी पेरणी करीत आहेत. नाशिक किंवा कोल्हापूरकडील परीक्षक मात्र ‘पेरणी केली आणि मग तेथेच मुक्काम केला’ असा अर्थ लावू शकतो. ‘मले’, ‘तुले’ ही रूपे लिहिताना तुम्ही आपोआप बदलता, कारण ती वेगळी दिसतात. ‘करून राहिले’ सुटून जाते, कारण त्यातील प्रत्येक शब्द प्रमाण मराठीतला आहे. वेगळेपण फक्त रचनेत आहे. यात वऱ्हाडीचे काही उणे नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) तिची नोंद झाली आहे आणि ‘लीळाचरित्रा’सारखा आद्य गद्यग्रंथ वऱ्हाडातल्याच ऋद्धिपुरात सिद्ध झाला. परंतु सुस्पष्टता ही वाक्याच्या एकट्याची गोष्ट नसते, ती वाचकासापेक्ष असते. घरच्या माणसाला सांगताना ‘करून राहिले’ हेच स्पष्ट. उत्तरपत्रिकेत, तलाठ्याकडे द्यावयाच्या अर्जात ‘करीत आहेत’ हे स्पष्ट. पीक-नुकसानीच्या अर्जात ‘पेरणी करून राहिलो होतो’ असे लिहिल्यास पेरणी पूर्ण झाली होती की चालू होती, हे वाचणाऱ्याने ठरवायचे, आणि तो तुमच्या बाजूनेच ठरवील याची खात्री कोण देणार?

नकाराचे स्थानही तपासावे. ‘तो पैशासाठी उंद्रीला आला नाही’ याचे दोन अर्थ होतात : आलाच नाही, किंवा आला पण हेतू वेगळा होता. दुसरा अर्थ हवा असेल तर ‘तो उंद्रीला आला, पण पैशासाठी नव्हे’ असे लिहावे.

प्रत्यक्ष प्रश्न सोडवताना पर्यायांत उत्तर शोधण्यापूर्वी अपेक्षित आशय आपल्या शब्दांत मनाशी मांडा. नंतर प्रत्येक पर्यायाला ‘कोण?’, ‘कोणाचे?’, ‘कशामुळे?’ असे विचारा. एका प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली की तो पर्याय बाद.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ‘काकांनी मला आपल्या जुन्या घराच्या मालकाकडे नेले.’ या वाक्यात ‘आपल्या’ आणि ‘जुन्या’ या दोन्ही पदांमुळे किती अर्थ संभवतात ते लिहा व प्रत्येक अर्थासाठी एक स्वतंत्र सुस्पष्ट वाक्य तयार करा.