इंग्रजीतली हजेरी

गृहपाठ विसरलेल्या मुलाला ब्रिटनमधल्या शाळेत बाईंची जी बोलणी खावी लागतात, त्यांना तिथल्या बोलीत ‘टेलिंग-ऑफ’ म्हणतात. शब्द तसा सौम्य. त्यात शिवीगाळ नाही, शिक्षाही नाही. पोलिसाने दंड न करता नुसता दम भरला, तर माणूस ‘टेलिंग-ऑफ’वर सुटला असे म्हणायचे. ‘टेल’ म्हणजे सांगणे, तेव्हा हे खडे बोल सुनावणेच, असे सहज वाटते. पण ‘टेल’चा एक जुना अर्थ मोजणे असा आहे. बँकेत नोटा मोजणारा तो ‘टेलर’, आणि ब्रिटिश संसदेत मते मोजणाऱ्या सदस्यांनाही अजून ‘टेलर’च म्हणतात. पलटणीत ‘टेल ऑफ’ करणे म्हणजे रांगेतले शिपाई मोजून कामगिरीवर धाडणे. रागावण्याचा अर्थ त्यानंतरचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळलेला. माझ्या मते तो कवायतीच्या मैदानावरूनच आला. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपणही हजेरीपट न उघडता एखाद्याची हजेरी घेतोच.

एवढे लांब कशाला जायचे, ‘सांगणे’तूनही हा अर्थ निघेल, असे कुणी म्हणेल. निघेलही. पण याच अर्थाचा ‘टिकिंग-ऑफ’ हा शब्द यादीतल्या नावापुढे खूण करण्यावरून आलेला दिसतो. (अमेरिकेत मात्र ‘टिक्ड ऑफ’ म्हणजे स्वतःच चिडलेला.) ‘कार्पेटिंग’मध्ये तर साहेबाच्या खोलीतला गालिचाच आहे, त्यावर नोकराने मान खाली घालून उभे राहायचे. यादी, रांग, गालिचा या सगळ्या वरच्याच्या ताब्यातल्या गोष्टी. ज्याला तुम्हाला मोजायचा अधिकार, त्यालाच रागवायचाही.

मग चार वर्षांच्या नातीने आजोबांना ‘टेलिंग-ऑफ’ दिले, असेही इंग्रज म्हणतात, त्याचे काय? म्हणतात खरे, पण हसत. उतरंड उलटी झाली म्हणूनच ती गंमत. उतरंडीत खालच्या मानलेल्या मोठ्या बाईने तोंड सोडले, की मात्र कुणी हसत नसे. भांडून शेजारपाजाऱ्यांना सळो की पळो करणारी बाई इंग्रजी कायद्याने ‘कॉमन स्कोल्ड’ ठरे, आणि तिला खुर्चीला बांधून पाण्यात बुचकळून काढत. पुरुषाला हा गुन्हा लागूच नव्हता. ती शिक्षा केव्हाच बंद पडली, पण गुन्हा इंग्लंडच्या कायद्यातून निघायला १९६७ साल उजाडावे लागले.