गर्दीतला चौथा माणूस (खेळामागचा खेळ : भाग ६)

गेल्या आठवड्यात शूटर खेळ शत्रू कसा उभा करतात ते पाहिलं. शत्रू नसलेला, नुसता मध्ये आलेला माणूस मेला तर खेळ काय करतो, हा आजचा विषय. त्यासाठी लांब जायला नको. २०१८ च्या 'हिटमॅन २' या डॅनिश खेळाचं एक अख्खं प्रकरण मुंबईत घडतं. चाळी, रेल्वे यार्ड, दाऊद रंगन नावाच्या सिनेनिर्मात्याचा टॉवर. (नावाला हसू येतं, पण गर्दी बरीच जमली आहे.)

सुपारी तिघांची असते. गर्दीत शिरलं की मारेकरी पहारेकऱ्यांना दिसेनासा होतो. चौथा कुणी मेला तर गुण कापले जातात आणि 'सायलेंट असॅसिन' हा मानाचा शेरा हातचा जातो. विनातिकीट प्रवाशाची टीसीने पावती फाडावी, इतकाच मामला. खेळाडू हळहळतो तो गुणांसाठी. चौथा माणूस कोण होता याची चौकशी कुणी करत नाही. तरी शिस्त लागते हे खरं. मुरलेला खेळाडू या मुंबईतून इतर कुणाचा जीव न घेता बाहेर पडतो.

दंडाची रीत जुनी. उपनगरांतल्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून 'काउंटर-स्ट्राइक' खेळलेल्यांना आठवेल : ओलीस मारला की पैसे कापले जात, आणि पुढच्या फेरीची बंदूक त्याच पैशांतून घ्यायची असे.

याहून हुशार युक्ती म्हणजे सामान्य माणूस ठेवायचाच नाही. पबजीत, आणि सप्टेंबर २०२० च्या बंदीनंतर जुलै २०२१ मध्ये आलेल्या बीजीएमआयमध्ये घरं आहेत, शाळा आहे, हॉस्पिटल आहे. राहणारं कुणी नाही. भारतीय आवृत्तीत रक्तही हिरवं. पालकांना त्या रंगाने हायसं वाटलं असेल, मला ती रिकामी घरं जास्त खटकतात.

आणि मग 'नो रशियन'. 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' मधला हा प्रसंग १० नोव्हेंबर २००९ ला बाजारात आला, तेव्हा २६/११ ला वर्षही झालं नव्हतं. रशियातला विमानतळ, बॅगा घेऊन उभे असलेले प्रवासी, आणि खेळाडू म्हणजे अतिरेक्यांच्या टोळीत घुसलेला गुप्तहेर. प्रसंग टाळायची मुभा आधीच मिळते. प्रवाशांवर गोळी न झाडता नुसतं चालत राहता येतं. जपान आणि जर्मनीतल्या आवृत्त्यांत प्रवाशाला मारलं की डाव संपतो. पण झाडा वा न झाडा, कथा त्याच वळणाला जाते, आणि मेलेले प्रवासी पुढच्या युद्धाचं निमित्त होऊन विसरले जातात. ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या स्फोटांनंतर जोगेश्वरी-बोरिवलीतल्या घरांनी अशा मृत्यूंचं पुढे काय होतं ते पाहिलंय. खेळाला ते 'पुढे' नको असतं.

'स्पेक ऑप्स : द लाइन'ने २०१२ मध्ये ते थोडं तरी दाखवलं. वाळूत गाडलेल्या दुबईत (आपल्यापैकी अनेकांचे नातलग तिथे नोकरीला, त्यामुळे ओळखीची जागा) खेळाडू पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करतो. पडद्यावर दुरून फक्त पांढरे ठिपके दिसतात. मग त्याच जळलेल्या जागेतून त्याला पायी जावं लागतं, आणि कळतं की तिथे आसऱ्याला आलेले नागरिकही होते. मारा टाळायचा पर्यायच दिला नाही, मग दोष आमच्या माथी का, अशी तक्रार अनेक खेळाडूंनी केली. ती रास्तच आहे. तरी गुण कापून मोकळं होण्याऐवजी त्या वाटेने चालायला लावणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

पुढच्या आठवड्यात पोलंडचा 'धिस वॉर ऑफ माइन'. तिथे वेढ्यात अडकलेले नागरिक म्हणूनच खेळावं लागतं.