काउंटीचे रस्ते आणि पेट्रोलचा पैसा

मालाच्या भावाचा हिशेब करताना आमचे व्यापारी रेल्वेचे दर पाहतात, हमरस्त्यावरील टोलाबद्दल तक्रार करतात. परंतु शेतातून पेठेत येणाऱ्या पोत्याचा पहिला प्रवास ज्या दोन-चार मैलांच्या वाटेने होतो, त्या वाटेचा धनी कोण, तिची दुरुस्ती कोणी करावयाची आणि त्या कामी पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील लोकांस हा प्रश्न शंभरांहून अधिक वर्षे छळीत आला आहे. त्यांनी काढलेली वाट, आणि त्या वाटेतही आता पडलेले खड्डे, दोन्ही पाहण्यासारखे आहेत.

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रुंद महामार्ग उभे राहतात. वस्तुतः त्या देशातील सुमारे ४२ लाख मैल सार्वजनिक रस्त्यांपैकी जवळजवळ १८ लाख मैल काउंटीच्या ताब्यात आहेत, आणि दर शंभर पुलांतील सुमारे ३८ पूलही तिचेच. काउंटी म्हणजे राज्याच्या पोटातील जिल्हाच समजावा. मात्र तिचा कारभार वरून नेमलेल्या अंमलदाराकडे नसून लोकांनी निवडून दिलेल्या मंडळाकडे असतो. प्रत्येक राज्याचा कायदा निराळा असल्यामुळे सर्वांचे वर्णन एका दमात करणे अशक्य आहे. म्हणून आम्ही आयोवा हे एकच शेतीप्रधान राज्य उदाहरणादाखल घेतो.

आयोवाचा विस्तार महाराष्ट्राच्या निम्म्याहून किंचित कमी, आणि वस्ती सुमारे ३२ लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या एक तृतीयांश. एवढ्या विरळ वस्तीच्या प्रदेशात ९९ काउंट्या असून त्यांच्याकडे सुमारे ९०,००० मैल रस्ते आहेत! याचे कारण जमिनीच्या मोजणीत आहे. १७८५ च्या कायद्याने तेथील जमीन एकेक चौरस मैलाच्या तुकड्यांत आखली गेली, आणि बहुतेक ठिकाणी त्या प्रत्येक रेघेवर पुढे रस्ता झाला. पाटावरील सोंगट्यांच्या घरांप्रमाणे सारा मुलूख विभागला गेला. घोड्याच्या गाडीच्या काळात दर मैलास रस्ता ही सोय होती. आज ते ओझे होऊन बसले आहे.

प्रारंभी ही कामे वेठीने होत. शेतकऱ्याने वर्षातून ठरावीक दिवस फावडे घेऊन रस्त्यावर जावे आणि आपला रस्ता-कर अंगमेहनतीने फेडावा, अशी रीत होती. तेथे काम किती होई आणि गप्पा किती रंगत, हे सांगावयास नको. १८९६ च्या सुमारास मिसूरीतील किंग नावाच्या शेतकऱ्याने लाकडाचा ओंडका उभा चिरून त्याची दोन फाळी जोडली आणि ती घोड्यांकडून ओल्या मातीवर फिरविली. तेवढ्याने चिखलाचा रस्ता सपाट व टणक होऊ लागला. त्याच वर्षी खेड्यातील घरोघरी टपाल पोचविण्याचा प्रयोग सरकारने सुरू केला, आणि टपालवाला येण्याजोगा रस्ता नसेल तर पत्र मिळावयाचे नाही, असे झाल्यावर रस्त्यांविषयी लोकमत झपाट्याने जागे झाले.

आयोवाच्या कायदेमंडळाने १९१३ मध्ये प्रत्येक काउंटीस इंजिनिअर नेमणे भाग पाडले. आमच्या मते सगळ्या सुधारणेचे मूळ यात आहे. लोकांनी निवडलेले मंडळ आणि शास्त्र जाणणारा नोकर, या दोघांची तेथे जोडी बसली. पुढे १९२९ च्या कायद्याने खेडोपाडीचे उरलेसुरले रस्तेही काउंटीच्या ताब्यात आले. आज प्रत्येक काउंटीस पुढील पाच वर्षांच्या रस्त्यांची व पुलांची यादी दरसाल तयार करून राज्याच्या रस्तेखात्यापुढे ठेवावी लागते. कोणता पूल कोणत्या साली होणार, हे यादीत दिसते. आणि यादीतील क्रम बदलला तर तोही दिसतो.

आता पैशाकडे वळू. पेट्रोलवर रस्त्यासाठी कर बसविण्याची युक्ती प्रथम ऑरेगॉन राज्याने १९१९ मध्ये काढली. दर गॅलनमागे एक सेंट. दहा वर्षांत सर्व राज्यांनी ती उचलली. आयोवाने १९४२ मध्ये आणखी एक शहाणपण केले. इंधनाचा व मोटारींच्या नोंदणीचा पैसा रस्त्यांखेरीज अन्यत्र खर्च करता येणार नाही, असे कलम त्याने थेट आपल्या घटनेत घातले. या निधीच्या दर शंभर डॉलरांतून ४७.५० राज्याच्या मुख्य मार्गांस, २० शहरांस व ३२.५० काउंटीच्या रस्त्यांस मिळतात. काउंटीच्या वाट्यातील ८ डॉलर शेतातून पेठेत जाणाऱ्या प्रमुख वाटांसाठी राखलेले असतात. यावर काउंटी ग्रामीण मालमत्तेवरील करातून आपली भर घालते. थोडक्यात, जो रस्ता वापरतो तो पेट्रोलच्या द्वारे देतो, आणि ज्याच्या जमिनीचे मोल रस्त्यामुळे वाढते तो मालमत्तेच्या द्वारे देतो.

ही दोन्ही तत्त्वे आपणांस अपरिचित नाहीत. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत असत, व त्याचे दोन हिस्से रस्ते इत्यादी कामांस आणि एक हिस्सा शाळांस जाई. तसेच बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ मध्ये पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांचा स्वतंत्र निधी करण्याची शिफारस केली, आणि १९२९ मध्ये तसा निधी झालाही. परंतु त्या निधीस आयोवासारखे घटनेचे कुलूप लागले नाही. २०१८ मध्ये त्याच्या नावात 'पायाभूत सुविधा' हे शब्द आले आणि रस्त्यांखेरीज इतर कामांसही त्याचे दार उघडले.

मात्र कुलूप लावले म्हणून तिजोरी भरत नाही, हेही आयोवाच दाखविते. तेथील पेट्रोल-कर किंमतीवर नसून गॅलनवर आहे. १९८९ पासून तो २० सेंटांच्या आसपास तसाच राहिला. २०१५ मध्ये कोठे त्यात १० सेंटांची वाढ झाली. मध्यवर्ती सरकारचा १८.४ सेंटांचा कर तर १९९३ पासून हललेला नाही. इकडे डांबर, लोखंड व मजुरी महाग होत गेली आणि गाड्या कमी इंधनात अधिक धावू लागल्या. विजेच्या मोटारी तर पेट्रोल घेतच नाहीत. म्हणून आयोवाने त्यांच्या नोंदणीवर वार्षिक १३० डॉलर जादा आकार ठेवला आणि २०२३ पासून सार्वजनिक ठिकाणी भरलेल्या विजेवर दर युनिटास २.६ सेंट कर बसविला.

ओढग्रस्तीचा परिणाम पुलांवर पहिल्याने दिसतो. मोडकळीस आलेल्या पुलांच्या संख्येत आयोवा अलीकडे सर्व राज्यांत पुढे आहे. असे साडेचार हजारांहून अधिक पूल तेथे आहेत, आणि त्यांतील बहुतेक काउंटीचे. भरलेला मोठा धान्याचा ट्रक ३६ टनांपर्यंत भरतो. पुलावर कमी वजनाची पाटी लागली की त्याने वळसा घ्यावयाचा, तोही सुगीच्या घाईत. हा वळशाचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावातून निमूटपणे वजा होतो. कर वाचला म्हणून समाधान मानणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी.

यावर उपाय म्हणून काही जण म्हणतात की काउंटीच्या हातून रस्ते काढून घेऊन राज्याने चालवावेत. नॉर्थ कॅरोलायनाने १९३१ मध्ये व व्हर्जिनियाने १९३२ मध्ये, मंदीच्या काळात, तसे केले. व्हर्जिनियात आज दोनच काउंट्या आपले रस्ते आपण सांभाळतात. त्यामुळे गरीब भागातील शेतकऱ्याच्या मालमत्तेवरील भार हलका झाला, हे नाकारता येत नाही. परंतु आपल्या वाटेवरील मोरी केव्हा दुरुस्त होणार, हे विचारण्यास जी खोली पूर्वी काउंटीच्या गावी होती ती राजधानीकडे गेली. आम्हांस हा सौदा महाग वाटतो.

काउंटी हाती राहिली तर तिला कठोर निवडही करता येते. आयोवाच्या कायद्याप्रमाणे अल्प वापराच्या रस्त्यास दुसऱ्या वर्गात टाकता येते. तेथे देखभाल नाममात्र, आणि येणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर यावे अशी पाटी. काही राज्यांत तर डांबरी रस्ते उखडून पुन्हा खडीचे करण्यात आले. हे मागे जाणे लाजिरवाणे खरे. तथापि फुटलेल्या डांबरापेक्षा नीट राखलेली खडी बरी, असे इंजिनिअर सांगतात आणि ते खोटे नाही.

रस्ता अजिबात सोडून द्यावयाचा असेल तर मात्र मंडळास सार्वजनिक सुनावणी घ्यावी लागते. लगतच्या जमीनमालकांस आधी नोटीस द्यावी लागते व त्यांची हरकत, नुकसानीच्या मागणीसह, ऐकून घ्यावी लागते. पलीकडच्या शेतात जाण्यास हाच एक पूल आहे असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यास आपले गाऱ्हाणे तेथे, आपल्याच मताने निवडून आलेल्या माणसांसमोर मांडता येते. आणि त्याचा पूल बांधला तर दुसऱ्या कोणाचा पूल मागे पडेल, हे पाच वर्षांच्या यादीत त्यास त्याच बैठकीत दाखविता येते.