हाड जुळल्यानंतरचे दिवस

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि जालना जिल्हा त्या वेगाच्या वाटेवर आला. अपघातानंतर १०८ची गाडी, जालन्याचे जिल्हा रुग्णालय, प्रकृती गंभीर असेल तर साठेक किलोमीटरवरचे संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. मृतांचा आकडा दुसऱ्या दिवशी छापून येतो. डोके, छाती, मांडी, घोटा असे सगळेच मोडून वाचलेल्याचे पुढे काय झाले, ते कुणी छापत नाही.

अंथरुणावर स्नायू झपाट्याने झिजतात, सांधे आखडतात. मांडीचे हाड सळई टाकून जुळते, पण गुडघा वेळेत वाकता केला नाही तर ताठच राहतो. आधी जीव वाचवायचा म्हणून घोट्याची, पावलाची इजा मागे पडते, आणि पुढे वर्षानुवर्षे छळते ती बहुधा हीच. कपाशीच्या ढेकळांतून चालणे, उकिडवे बसून खुरपणे, मोसंबीच्या झाडाला आळे करणे, सगळे घोट्यावर अवलंबून.

भोकरदन-मंठ्याकडच्या खेड्यातून फिजिओथेरपीसाठी रोज शहरात यायचे तर गाडीभाडे जाते, सोबत्याचा रोजही बुडतो. मग व्यायाम सुटतो. माझ्या मते पुष्कळसे टाळता येण्याजोगे अपंगत्व याच सुटलेल्या आठवड्यांत घडते. रुग्णालयातून सुट्टी देण्याआधी घरच्या एका माणसाच्या हातून सगळे व्यायाम करवून घेतलेच पाहिजेत. डोक्याला मार लागलेला माणूस चिडतो, विसरतो, रात्री दचकतो. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. तो इजेचाच भाग असतो आणि त्यावर उपचार असतात.

मग येतो अपंगत्वाचा टक्का. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांची अट आहे. पण टक्का शरीराचा, नुकसान कामाचे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये हेच सांगितले: डावा हात गमावलेल्या ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडते, कारकुनाची कदाचित बुडणारही नाही. भरपाई ठरवताना हा फरक पाहावाच लागतो.

भरपाईचा दावा जखमी माणूस राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही लावता येतो. बुलढाण्याच्या हद्दीत जायबंदी झालेल्या अंबडच्या मजुराला जालन्यात अर्ज करता येतो. त्यात आधी कोणते काम करत होता आणि आता त्यातले काय जमत नाही, हे एकेक करून लिहावे.