पहिला ड्रम सेट: खरेदी खालून वर

लेकरासाठी ड्रम सेट घ्यायचं ठरलं की घरात चर्चा रंगते ती ड्रम किती, रंग कोणता आणि झांजा किती चकाकतात याची. दुकानातही नजर तिकडेच जाते. पण सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात बसणार की बिघडणार, हे ठरवतात सेटमधले सगळ्यात कमी देखणे दोन भाग: बसायचं स्टूल आणि पायाखालचं पेडल. म्हणून पहिला सेट खालून वर निवडावा. आधी बैठक, मग पाय, मग हात. ड्रमची संख्या सगळ्यात शेवटी.

छत्रपती संभाजीनगरात वाढणाऱ्या मुलाला तालाची ओळख मुद्दाम करून द्यावी लागत नाही. गणपतीतला ढोल-ताशा, वरातीतला बँड, हलगी, गोंधळातलं संबळ, भजनातला पखवाज हे सगळं शाळेत जायच्या आधीच त्याच्या कानांवर पडलेलं असतं. पण ही सगळी हाताने वाजवायची वाद्यं. ड्रम सेटवर पायांनाही काम असतं. उजवा पाय सगळ्यात मोठा ड्रम वाजवतो आणि डावा पाय झांजांची जोडी उघडतो-मिटतो. मुलाला खरं नवं असतं ते हे पायाचं काम. पाय मोकळे राहायचे असतील तर बैठक पक्की लागते.

एक वादक, अनेक वाद्यं

एका वादकाने अनेक ताडनवाद्यं सांभाळायची, ही कल्पना आपल्याला परकी नाही. नाट्यशास्त्रातल्या त्रिपुष्करात आंकिक, ऊर्ध्वक आणि आलिंग्य असे तीन मृदंग आहेत: एक आडवा, एक उभा आणि एक अंगाशी धरलेला. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या वाद्याध्यायात तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे वाद्यांचे चार वर्ग येतात. शहराजवळच्या देवगिरी किल्ल्याच्या छायेत मांडलेली ही विभागणी ड्रम सेटला आजही चपखल बसते. पडदा ताणलेले ड्रम अवनद्ध, धातूच्या झांजा घन. औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात नर्तिकेभोवती वादक स्त्रिया कोरल्या आहेत. तिथे चर्मवाद्य एकीकडे आणि झांज दुसरीकडे, अशी कामाची वाटणी आहे. ड्रम सेटने ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात घातली.

हे शक्य झालं ते पेडलमुळे. पूर्वी बँडमध्ये मोठ्या ड्रमला एक माणूस आणि लहान ड्रमला दुसरा लागायचा. अमेरिकेत लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये पायाने झटपट वाजवता येईल असं पेडल बाजारात आणलं, तेव्हा मोठा ड्रम पायाकडे गेला आणि दोन्ही हात मोकळे झाले. पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी, म्हणजे हाय-हॅट, १९२० च्या दशकात रुळली. १९५० च्या दशकात कातड्याऐवजी प्लॅस्टिकचे पडदे आले आणि पावसाळ्यात ड्रम सैल पडण्याचं दुखणं संपलं. आपल्याकडे हे वाद्य घरोघरी ऐकू गेलं ते मुंबईच्या चित्रपटसंगीतातून. कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केर्सी व बुर्जोर हे पारशी कुटुंब त्या काळच्या तालवाद्यांमधलं मोठं नाव.

पालकाने या इतिहासातून घ्यायची गोष्ट एकच आहे. पेडल आलं तेव्हा ड्रम सेट झाला. ज्या मुलाचा पाय पेडलवर नीट टेकत नाही, त्याच्यापुढे कितीही ड्रम मांडले तरी तो ड्रम सेट वाजवत नसतो, नुसते ड्रम बडवत असतो.

आधी मुलाचं माप

शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो. ड्रम सेट तसा घेऊ नये. मोठ्या मापाच्या सेटवर लहान मूल स्टुलाच्या कडेवर सरकतं, खांदे वर चढवतं, हात ताणून मारतं. या सवयी लागायला वेळ लागत नाही, सोडवायला मात्र वर्षं जातात.

म्हणून मुलाला दुकानात बरोबर न्या आणि बसवून पाहा. दोन्ही तळवे पेडलवर पूर्ण टेकले पाहिजेत. मांड्या जमिनीला समांतर किंवा गुडघ्याकडे किंचित उतरत्या असाव्यात. समोरच्या स्नेअर ड्रमची कड मांडीच्या थोडी वर यावी, म्हणजे काठी मांडीवर आपटत नाही. आता त्याला सगळ्यात लांबच्या झांजेवर एक ठोका मारायला सांगा. त्यासाठी त्याला स्टुलावरून उठावं लागलं, तर तो सेट त्याच्यासाठी नाही.

मापांचा अंदाज असा. मोठ्यांच्या सेटमध्ये पायाचा ड्रम, ज्याला बेस किंवा किक म्हणतात, २० किंवा २२ इंचांचा असतो आणि स्नेअर १४ इंचांचा. मुलांच्या ज्युनिअर सेटमध्ये किक साधारण १६ इंचांचा आणि स्नेअर १० ते १२ इंचांचा असतो. पाच ते आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हा बेताचा. त्यापुढच्या मुलाला १८ किंवा २० इंचांचा किक असलेला छोटा पण पुरता सेट घेता येतो, आणि तो मोठेपणीही चालतो. वयापेक्षा उंची आणि पाय पाहा. दहा वर्षांची ठेंगणी मुलगी आणि आठ वर्षांचा उंच मुलगा यांचा हिशेब उलटा निघू शकतो.

तीन-चार वर्षांच्या मुलाला सेटची घाई नको. त्याच्या हातात दिमडी द्या, लहान ढोलकी द्या, भजनात टाळ धरू द्या. खेळण्याच्या दुकानातले कागदी पडद्यांचे ड्रम खेळणं म्हणून ठीक आहेत. त्यांवर काठी उसळत नाही, त्यामुळे शिकण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. काठी मारायची नसते, टाकायची असते. ती पडद्यावरून आपोआप परत आली पाहिजे, आणि हाताने ती उसळी ओळखायला शिकलं पाहिजे.

डावखुऱ्या मुलाच्या पालकांनी काळजी करू नये. गिटारसारखं इथे वेगळं वाद्य घ्यावं लागत नाही. तेच सामान उलट्या बाजूने मांडलं की काम झालं.

पैसा कुठे घालायचा

स्टूल: याला ड्रमर थ्रोन म्हणतात. उंची कमी-जास्त करता येणारं, जाड गादीचं आणि न डुगडुगणारं हवं. स्वस्त सेटबरोबर येणारं स्टूल बहुधा सगळ्यात कच्चं असतं. प्लॅस्टिकची खुर्ची हा त्यावरचा उपाय नाही, कारण तिचे हात कोपरांना अडतात आणि उंची बदलत नाही.

पेडल: पाय उचलताच ड्रमवर आपटणारा ठोकळा लगेच मागे यायला हवा. स्प्रिंगचा ताण बदलता येतो का, साखळी किंवा पट्टा सरळ ओढला जातो का, दाबताना करकर आवाज येतो का, हे बसून पाहा.

काठ्या: लहान हातांना ७-ए मापाच्या, म्हणजे सर्वसाधारण ५-ए पेक्षा बारीक आणि हलक्या काठ्या बऱ्या. अगदी लहानांसाठी १३ इंचांच्या आखूड काठ्याही मिळतात. दोन्ही काठ्या काउंटरवर लोळवून पाहा. वेडीवाकडी लोळली तर ती बाजूला ठेवा.

सरावाचं पॅड: रबराचा हा छोटा तुकडा पहिल्या वर्षातली सगळ्यात फायद्याची खरेदी. हाताचा बहुतेक अभ्यास यावरच होतो, आवाज कमी होतो आणि आजीच्या दुपारच्या झोपेला धक्का लागत नाही.

यानंतर ड्रम. ‘फाइव्ह पीस’ या मोजणीत किक, स्नेअर आणि उरलेले तीन ड्रम, म्हणजे टॉम, येतात. झांजा त्यात धरत नाहीत, त्यामुळे त्या किमतीत आहेत की वेगळ्या, हे स्पष्ट विचारून घ्या. शिकणाऱ्याला दोन वर्षं तरी किक, स्नेअर, हाय-हॅट, एक टॉम आणि एक झांज एवढं पुरतं. पाच कच्च्या ड्रमपेक्षा तीन चांगले बरे. खोडाचं लाकूड पॉप्लरचं आहे की बर्चचं, यावर या वयात डोकं शिणवू नका. पडदा ताणायचे सगळे स्क्रू चावीने सहज फिरतात का, पडदा खालूनही आहे का, हे पाहा. खालचा पडदा नसेल तर स्वर जुळवायला वाव कमी राहतो.

झांजांचं गणित धातूचं आहे. स्वस्त झांजा पितळेच्या असतात, म्हणजे तांबं आणि जस्त. त्यांचा आवाज बोथट येतो आणि त्या लवकर वाकतात. चांगल्या झांजा काशाच्या, म्हणजे तांबं आणि कथील. कथील ८ टक्के असेल तर बी-८ आणि २० टक्के असेल तर बी-२० म्हणतात. पहिल्या सेटला बी-८ ची हाय-हॅट मिळाली तरी पुष्कळ.

भिंत, जिना आणि शेजार

घराचं मापही मुलाच्या मापाइतकंच महत्त्वाचं. सिडकोतल्या एका भिंतीला दोन घरं लागलेल्या वस्तीत, बीड बायपासच्या फ्लॅटमध्ये आणि सुट्या बंगल्यात एकच सेट तीन वेगळ्या तऱ्हांनी ऐकू येतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. जोरात वाजणारा ड्रम सेट जवळून १०० डेसिबलच्या घरात जातो. म्हणजे साध्या सेटला एक तर जागा हवी, नाही तर शेजाऱ्यांशी ठरलेली वेळ. संध्याकाळी अर्धा तास, रविवारी दुपारी बंद, फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजारी दहावी-बारावीचं मूल असेल तर फक्त पॅड: हे सेट घरी यायच्या आधीच बोलून घेतलेलं बरं.

आवाज कमी करायचे घरगुती उपाय आहेत. किकच्या पोटात जुनी गोधडी किंवा उशी ठेवली की त्याची घुमण बसते. ड्रमवर ठेवायच्या रबरी चकत्या, जाळीचे पडदे आणि भोकं पाडलेल्या कमी आवाजाच्या झांजाही मिळतात. सेटखाली जाड सतरंजी हवीच. तिच्याशिवाय किक प्रत्येक ठोक्याला पुढे सरकत राहतो.

इलेक्ट्रॉनिक सेट हा फ्लॅटमधल्या कुटुंबाला सोयीचा पर्याय. यात पॅडवर ठोका पडतो आणि आवाज हेडफोनमध्ये येतो. रोलँडने १९९७ मध्ये ताणता येणारे जाळीचे पॅड आणले, तेव्हापासून काठीची उसळी खऱ्या ड्रमच्या जवळ आली. आज स्वस्त सेटमध्येही जाळीचे पॅड मिळतात. कडक रबरापेक्षा तेच घ्या. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हेडफोन लावलेल्या मुलाला शांत वाटतं, खालच्या मजल्यावर मात्र पेडलचा धपधप आवाज फरशीतून उतरतो. ठोकळा नसलेलं पेडल आणि खाली जाड रबरी चटई हा त्यावरचा उतारा. दुसरं, सांगाडा मुलाच्या उंचीइतका खाली येतो का, ते तपासा. शेकडो आवाज भरलेला डबा पाहून भुलू नका. त्या आवाजांशी खेळण्यात सरावाची वेळ निघून जाते.

कान एकदाच मिळतात

अमेरिकेतली कामगार आरोग्य संस्था मोठ्या माणसाला ८५ डेसिबलमध्ये ८ तास ही मर्यादा सांगते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. मुलांच्या कानांसाठी मोजमाप आणखी कडक. कानाला लावून ऐकायच्या उपकरणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या निकषात मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही पातळी आहे. तेव्हा खऱ्या सेटबरोबर कान झाकणारे मफ पहिल्या दिवसापासून घ्या आणि इलेक्ट्रॉनिक सेटच्या आवाजाच्या बटणावर खूण करून ठेवा. पहिल्या दिवशी लावलेला मफ मूल वाद्याचाच भाग समजतं. सहा महिन्यांनी आणला तर ती शिक्षा वाटते.

जुना सेट आणि नवा शिक्षक

मुलांचे सेट लवकर तोकडे पडतात, त्यामुळे वापरलेले सेट बाजारात येत राहतात आणि ते घेण्यात कमीपणा नाही. फाटलेला पडदा बदलता येतो, त्याला घाबरू नका. ड्रमची गोलाई बिघडली असेल, स्क्रूंचे आटे गेले असतील किंवा झांजेच्या कडेला तडा असेल, तर मात्र परत फिरा. झांजेचा तडा थांबत नाही, वाढतच जातो.

शिक्षक निवडताना पहिल्या महिन्यात तो किती गाणी बसवतो हे पाहू नका. काठी कशी धरायला लावतो, मोजायला लावतो का, लय संथ ठेवतो का, हे पाहा. परीक्षेची वाट हवी असेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ड्रम किटच्या परीक्षा इनिशियलपासून आठव्या श्रेणीपर्यंत आहेत. तबल्याच्या वर्गाला जाणाऱ्या मुलाचा सम-खालीचा अभ्यास इथे वाया जात नाही. मात्रा मोजायची सवय त्याला आधीच असते.

आता बजेट. जेवढे पैसे काढले असतील, त्यांचे आधी दोन भाग करा आणि एक भाग वर्षभराच्या शिकवणीसाठी राखून ठेवा. उरलेल्या भागातून स्टूल, काठ्या, पॅड आणि मफ आजच घ्या. तीन महिने मुलाला त्यावर बसू द्या. या काळात न सांगता ते पॅडकडे जात असेल, तर शिल्लक रकमेत त्याच्या मापाचा सेट घ्या. जात नसेल, तर तोटा एका रबरी तुकड्याचा, काठ्यांच्या जोडीचा आणि मफचा. स्टूल घरात कुठेही उपयोगी पडेल.