शेतात नवं गाव: आधी काय ठरवायचं?

मुलांनो, इंग्लंडमध्ये गाडीतून जाताना शेताच्या कडेला 'इथे घरं नकोत' अशी पाटी तुम्ही कधी पाहिली आहे का? घरं तर सगळ्यांनाच हवी असतात. मग भांडण कशाचं?

ऑक्सफर्डजवळ एन्शम नावाचं गाव आहे. त्याच्या उत्तरेला ए-४० हा मोठा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे शेतं. या शेतांवर 'सॉल्ट क्रॉस' नावाचं, सुमारे २,२०० घरांचं नवं गाव वसवायची योजना आहे. जानेवारी २०१७ मध्ये सरकारने अशा १४ 'गार्डन व्हिलेज'ना पाठिंबा दिला, त्यातलंच हे एक. गार्डन व्हिलेज म्हणजे नुसती बागवाली घरं नव्हेत. शाळा, दुकानं, कामाच्या जागा आणि मोकळी मैदानं असलेलं ते वेगळं गाव असतं.

या कल्पनेचं मूळ एबेनेझर हॉवर्ड यांच्या विचारांत आहे. ते काही आर्किटेक्ट नव्हते. पार्लमेंटमधली भाषणं लघुलिपीत उतरवून घेणं हे त्यांचं काम. शहरात गर्दी आणि धूर, खेड्यात हवा चांगली पण काम नाही; मग दोन्हींतलं चांगलं एकत्र का करू नये, असं त्यांनी १८९८ साली पुस्तकात मांडलं. १९०३ मध्ये लेचवर्थ हे पहिलं उद्यान-नगर सुरू झालं.

हॉवर्ड यांचा खरा मुद्दा पैशांचा होता. शेतजमीन स्वस्त असते. तिथे गाव वसलं की तिची किंमत अनेक पटींनी वाढते. ही वाढ गावाच्या कामी यावी, म्हणून जमीन एका संस्थेकडे ठेवायची आणि भाडं गावावर खर्च करायचं, असं ते म्हणत.

जमीन 'एनए' झाली की भाव कसा चढतो, हे आजोबांना विचारा! पुण्यात हडपसरला सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जवळपास ४०० एकर जमीन बिल्डरला विकली नाही. ती एकत्र करून त्यांनी स्वतःच मगरपट्टा सिटी उभी केली. वाढलेल्या किमतीत त्यांचा वाटा राहिला.

इंग्लंडमध्ये आज बहुतेक वेळा बांधकाम कंपनी घरं बांधते. म्हणून परवानगी देताना काउन्सिल तिच्याशी करार करते: शाळा, रस्ते, परवडणारी घरं. किती घरं झाल्यावर शाळा सुरू करायची, हेही त्यात लिहिता येतं.

हे 'कधी' फार महत्त्वाचं. आम्ही नव्या वसाहतीत घर घेतलं तेव्हा नकाशात शाळा होती. प्रत्यक्षात तिथे दोन वर्षं गवतच होतं, आणि मी मुलीला रोज गाडीने शेजारच्या गावात सोडत होतो. मी सॉफ्टवेअरवाला. 'पुढच्या रिलीजमध्ये करू' म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे!

सॉल्ट क्रॉसच्या आराखड्यात काउन्सिलने एक कडक नियम लिहिला होता: घरं 'नेट झीरो' हवीत. सरकारी निरीक्षकांनी तो सौम्य करायला लावला. एक संस्था कोर्टात गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये हायकोर्टाने सांगितलं, निरीक्षकांनी सरकारी धोरणाचा अर्थ चुकीचा लावला. एका नियमासाठी एवढा खटाटोप! कारण कागदावर पक्कं नसेल, ते पुढे मागता येत नाही.

एकदा गाव झालं की ते शेत परत मिळत नाही. म्हणून तुमच्या भागात अशी योजना आली, तर आईबाबांबरोबर आराखडा वाचा. त्यावर कोणीही मत कळवू शकतं.

शब्दार्थ
लघुलिपी: भरभर लिहून घेण्याची खुणांची लिपी
आराखडा: कामाआधी केलेली मांडणी
सौम्य: कमी कडक
एनए: शेतीशिवाय इतर कामासाठी वापरायची परवानगी मिळालेली जमीन

विचार करा
१. शेताची किंमत का वाढते? ती वाढ कोणाला मिळावी?
२. तुमच्या नव्या गावात सगळ्यात आधी काय बांधाल? का?