खळ खाणारे जिवाणू

बोदवडच्या जिनिंगमधून निघालेल्या रुईचं सूत झालं, की मागावर चढण्याआधी ताण्याच्या धाग्यांना खळ लागते. इचलकरंजीसारख्या गावांत याला सायझिंग म्हणतात. पूर्वी खळ स्टार्चची असे. आता तिच्यात पीव्हीए, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, हा कृत्रिम पॉलिमरही असतो. रंगाईआधी गरम पाण्यात खळ धुतली जाते आणि सांडपाण्यात उतरते. पण विरघळली म्हणजे संपली, असं नाही.

स्टार्च जिवाणू चटकन फस्त करतात. पीव्हीएची कार्बन-कार्बन साखळी तोडणं मात्र मोजक्यांनाच जमतं. त्यातला एक स्यूडोमोनास जपानमध्ये 1973 साली नोंदला गेला. पुढे सापडलेली एक जोडी तर विलक्षणच: एक जिवाणू साखळी तोडतो, पण त्यासाठी लागणारं पीक्यूक्यू हे सहघटक द्रव्य त्याला शेजारचा दुसरा जिवाणू पुरवतो!

म्हणून सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाकीत हवा सोडायला नुसता ब्लोअर लावून भागत नाही. टाकीतल्या जिवाणूंच्या तपकिरी गाळाला पीव्हीएची सवय व्हावी लागते आणि हे जिवाणू सावकाश वाढत असल्याने गाळ जास्त दिवस टाकीत ठेवावा लागतो. घाईने गाळ काढून टाकला, तर नेमके हेच कामकरी वाहून जातात.